माळ्यावरचं बगाटेल किती लाखांचं?

प्रश्न : नागावात आमचं जुनं घर आहे. वाडीत पर्यटकांसाठी चार खोल्या काढल्या आहेत. माळा उपसताना आजोबांच्या वेळचं खिळ्यांचं बगाटेल सापडलं. मुंबईहून उतरलेले एक पाहुणे म्हणाले, "अमेरिकेत जुनी पिनबॉल यंत्रं आठ-दहा लाखांना जातात. हे त्यांचं मूळ आहे, भंगारात घालू नका." याला खरंच भाव येईल का? आणि एखादं जुनं पिनबॉल यंत्र आणून पडवीत ठेवलं तर पैसे वसूल होतील का?
— एक वाचक, नागाव (ता. अलिबाग)

उत्तर : पाहुण्यांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातून तुम्ही बांधलेली आशा मात्र जरा आवरती घ्या.

आधी नात्याचं बोलू. खिळ्यांच्या फळीवरून गोळी घरंगळत सोडायचा हा खेळ अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधून युरोपभर गेला. पॅरिसजवळच्या 'बगाटेल' नावाच्या हवेलीवरून त्याला नाव पडलं. पुढे अमेरिकेत सिनसिनाटीला स्थायिक झालेल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह या इंग्रज गृहस्थानं 1871 साली त्यात सुधारणा करून पेटंट घेतलं. काठीनं गोळी ढकलायच्या ऐवजी त्यानं स्प्रिंगची दांडी बसवली. तुमच्या फळीच्या उजव्या कडेला ओढून सोडायची जी दांडी असेल, ती त्याच घराण्यातली. 1931 साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलीबनं 'बॅफल बॉल' नावाचं, दुकानाच्या काउंटरवर मावेल असं नाण्यावर चालणारं यंत्र काढलं. किंमत साडेसतरा डॉलर. ऐन मंदीचे दिवस होते. लोकांना एका सेंटात करमणूक हवी होती आणि दुकानदाराला भाडं निघायला हवं होतं. यंत्रं हजारोंनी खपली. त्यात वीज नव्हती, चेंडू परत वर मारायचे फ्लिपरही नव्हते. काचेखाली ठेवलेलं, नाणं टाकायची फट असलेलं तुमचं बगाटेलच ते! फ्लिपर आले 1947 साली, 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात, आणि तिथून या दोन भावंडांच्या वाटा कायमच्या फुटल्या.

आता भावाकडे येऊ. जुनं म्हणजे महाग, हा आपला लाडका समज या बाजारात साफ खोटा ठरतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, रिले आणि घंट्यांवर चालणारी कितीतरी यंत्रं आजही हजार-दोन हजार डॉलरांत, कधी त्याहूनही कमीत मिळतात. उलट 1992 सालचं 'ॲडम्स फॅमिली' पाहा. 20,270 नग निघाले. त्या काळातलं सर्वांत जास्त खपलेलं यंत्र, म्हणजे दुर्मीळ म्हणायची सोयच नाही. तरी चांगल्या अवस्थेतला नग आठ-दहा हजार डॉलरांच्या घरात जातो. 1997 सालच्या 'मिडीव्हल मॅडनेस'चे चार हजारांच्या आसपास नग बनले. त्याचा भाव आणखी वर. आपल्याकडेही वेगळं काय आहे? दुदांडी शिवराई हे नाणं दोनशे वर्षांच्या आसपासचं किंवा त्याहून जुनं असतं, पण पेशवाईत ते एवढं पाडलं गेलं, की आज कुणीही थोडक्या पैशांत घेऊ शकतो.

मग भाव ठरतो कशावर? आठवणीवर. 1992 साली जो मुलगा पंधरा वर्षांचा होता आणि पिझ्झाच्या दुकानात खिशातली नाणी त्या यंत्रात घालत होता, तो आता पन्नाशीला टेकला आहे. घराचं कर्ज फिटलं आहे आणि तळघर रिकामं आहे. त्याला दुर्मीळ यंत्र नको असतं, तेच यंत्र हवं असतं. आणि आठवणीच्या जोडीला लागते ती नोंद. अमेरिकेत कोणत्या यंत्राचे किती नग निघाले, कोणत्या वर्षी, चित्रकार कोण, वायरिंगचा नकाशा कसा, हे सगळं छापील सापडतं. रबरी कड्यांपासून कॉइलपर्यंत सुटे भाग आजही नवे बनतात. त्यामुळे घेणाऱ्याला फसण्याची धास्ती कमी आणि विकणाऱ्याला भाव सांगायला आधार. विल्यम्ससारख्या बड्या कंपनीनं 1999 साली पिनबॉल बनवणं थांबवलं, तेव्हा धंदा संपला असं सगळ्यांनी धरलं होतं. आज स्टर्न कंपनीचं नवं साधं यंत्रच सात हजार डॉलरांच्या आसपास पडतं, मर्यादित आवृत्तीचं त्याच्या जवळजवळ दुप्पट. कोरोनाच्या काळात घरी अडकलेल्या लोकांनी जुन्या यंत्रांचे भाव चढवले. नंतर ते बरेच थंडावले. 'मिडीव्हल मॅडनेस'ची नवी आवृत्ती 2015 पासून निघू लागली, तशी मूळ यंत्राचा तोराही थोडा उतरला. गुंतवणूक म्हणून या बाजाराकडे बघणाऱ्यानं हे लक्षात ठेवलेलं बरं.

आपल्याकडे ही आठवणच नाही. आपल्या पिढीचं पिनबॉल म्हणजे विंडोज एक्सपीबरोबर फुकट आलेला 'स्पेस कॅडेट'. ऑफिसात साहेब जेवायला गेले की तो सुरू व्हायचा. त्याची आठवण काढून हळवे होणारे चिकार भेटतील, पण त्यासाठी आठ लाख मोजणारा एकही नाही.

बगाटेलची आठवण मात्र आपल्याकडे घरोघर आहे. मे महिन्याची सुट्टी, दुपारी बाहेर ऊन रणरणतंय, ओट्यावर चुलत-मावस भावंडं गोल करून बसलेली, आणि शंभराच्या घरात छर्रा गेला की नाही यावरून भांडण. अडचण एवढीच, की नोंद नाही. बहुतेक फळ्या गावच्या सुताराकडून किंवा शहरातल्या एखाद्या छोट्या कारखान्यातून आल्या. त्यांवर ना नाव, ना साल. विलायती फळी असली तर कारखान्याचं नाव बहुधा छापलेलं सापडतं, 'चॅड व्हॅली' किंवा 'कोरिंथियन' असं काहीतरी. पण इंग्लंडात त्या एवढ्या खपल्या, की तिथेही त्या पन्नास पौंडांच्या आतबाहेर मिळून जातात.

तरी तुमची फळी नीट तपासा. उलटी करून मागची बाजू पाहा : प्लायवूड आहे की एकसंध लाकूड? खिळ्यांना लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं नाही तर खिळे पितळेचे, आणि आपल्या खाऱ्या हवेत हा फरक फार मोठा. लोखंडी खिळ्याभोवती लाकडात तांबूस-काळं वर्तुळ उमटतं. ते गंजाचं पाणी आत उतरल्याचं चिन्ह. तिथे खिळा हलत असेल तर फळी खेळण्याजोगी राहिलेली नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात तुमच्या भागात कौलं उडाली, पत्रे गेले. तेव्हा माळ्यावर पाणी आलं होतं का, हे घरच्यांना विचारा. वाळवीसाठी कोपऱ्यांवर बोटानं टकटक करा, पोकळ आवाज आला तर समजून जा. आकड्यांचा मूळ रंग शाबूत असेल, दांडी उडत असेल आणि छर्रे मूळचे असतील, तर मांडवा-किहीमकडच्या बंगल्यांची सजावट करणारे लोक किंवा चोर बाजारातला व्यापारी काही हजारांपर्यंत जाईल, असा माझा अंदाज. त्यांना खेळ नको असतो, भिंत भरायची असते. लाखांची भाषा कुणी केली तर चहा पाजून वाटेला लावा. फळी खरोखर शंभर वर्षं ओलांडलेली निघाली, तर 1972 च्या पुरावशेष कायद्याचा विचार करावा लागतो. अशी वस्तू तुम्हाला परदेशी पाठवता येत नाही. विकायची असो वा ठेवायची, वरून वॉर्निश मारू नका. मऊ कोरडं फडकं पुरे. जुन्या वस्तूवर नवी चकाकी आली की जाणकार गिऱ्हाईक तिथेच परत फिरतं.

आता पडवीतलं पिनबॉल. परदेशातून यंत्र मागवलंत तर ते बहुधा आपल्याच जिल्ह्यात, उरणच्या न्हावाशेवा बंदरात उतरेल, पण नागाव जवळ आहे म्हणून काम सोपं होत नाही. भांडवली यंत्रसामग्रीत न मोडणारा वापरलेला माल आणायला परकीय व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागते. ती हातात नसताना कंटेनर येऊन पडला, तर बंदरातलं भाडं रोज चढत जातं. शिवाय सीमाशुल्क, दलाल, वाहतूक. यंत्राचं वजन शंभर-सव्वाशे किलो. पाय काढून आणि मागची पेटी दुमडून आणलं तरी चार हमाल हवेतच. अमेरिकन यंत्र 115 व्होल्टचं. काहींच्या ट्रान्सफॉर्मरवर जोडणी बदलून ते 230 वर चालतं, काहींना वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो.

हे सगळं जमलं असं धरू. खरा शत्रू नंतर भेटतो. पिनबॉल म्हणजे शेकडो जोड, स्विचांच्या बारीक पात्या, दिव्यांचे होल्डर. पावसाळ्यात चार महिने दमट वारा आणि समुद्राचं मीठ त्यांच्यावर बसणार. स्विचच्या पातीवर हिरवट थर चढला की गुण पडायचे बंद होतात. पेटीचं प्लायवूड फुगतं. 80-90 च्या दशकातल्या बऱ्याच यंत्रांत मुख्य सर्किटवर पेन्सिल सेलची पेटी असते. ते सेल विसरले गेले की गळतात आणि खालचा बोर्ड खाऊन टाकतात. असं यंत्र घेताना विकणाऱ्याकडून त्या बोर्डाचा जवळून काढलेला फोटो आधी मागवायचा, काचेवरच्या चित्राचा नंतर. दुरुस्तीला माणूस कुठून आणणार, हा प्रश्न उरतोच. शिकागोत गल्लीत एखादा सापडेल, अलिबागेत टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला हाताशी धरून तुम्हालाच शिकावं लागेल. हौस असेल, वातानुकूलित बंद खोली असेल, तर जरूर आणा. चार खोल्यांच्या भाड्यातून ते वसूल होईल, असं मला तरी वाटत नाही. तुमचे पाहुणे बगाटेलवरच तासभर रमतील. फक्त सायकलच्या दुकानातून छर्रे जास्तीचे आणून ठेवा, कारण ते हरवतात.

प्रश्न : पिनबॉल हा जुगार धरला जातो का?
— एक वाचक, मुरूड

उत्तर : न्यूयॉर्कनं धरला होता. 1942 साली महापौर ला गार्डिया यांनी बंदी आणली, यंत्रं जप्त केली आणि छायाचित्रकारांसमोर घणानं फोडली. 1976 साली रॉजर शार्प या तरुण पत्रकारानं नगर परिषदेच्या समितीसमोर खेळून दाखवलं. चेंडू कोणत्या वाटेनं जाईल हे आधी सांगितलं आणि तो तसाच गेला. बंदी उठली. आपल्याकडे 1887 चा महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. पण बक्षीस म्हणून पैसे देऊ लागलात तर पोलिसांशी वाद घालायची तयारी ठेवा. बक्षीस नसलं, तरी नाणं टाकून लोकांना खेळवायचं असेल तर करमणुकीच्या जागेचा परवाना लागतो का, हे यंत्र घेण्याआधी पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या. घरच्या मुलांसाठी ठेवणार असाल तर हा प्रश्न येत नाही.