कोठारातील धान्य आणि मेंदूतील रसायने

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम येथे पालैवननाथाच्या देवळाच्या आवारात नायक राजवटीच्या काळातील विटांचे एक मोठे धान्यकोठार उभे आहे. अशा कोठाराकडे बाहेरून पाहिले असता भिंतीला तडा गेला आहे की नाही, एवढे समजते. आतील भाताला ओल लागली आहे काय, हे मात्र समजत नाही. वार्धक्यात स्मरणशक्ती ओसरू लागते, तेव्हा मेंदूची तपासणी करणाऱ्यांपुढे अशीच अडचण उभी राहते.

नेहमीच्या एम. आर. आय. तपासणीत मेंदूचा आकार व रचना दिसते. अल्झायमरच्या विकारात हिप्पोकॅम्पस हा कानशिलाच्या आत खोलवर असलेला भाग आक्रसत जातो. नव्या आठवणी साठविण्याचे कार्य मुख्यत्वे ह्याच भागाकडे असते. परंतु त्याचे आक्रसणे चित्रात स्पष्ट दिसू लागते, तोवर पुष्कळ चेतापेशी नष्ट झालेल्या असतात. भिंत खचण्यापूर्वीच धान्याची परीक्षा व्हावयास हवी.

तीच परीक्षा त्याच यंत्राने निराळ्या रीतीने करता येते. एम. आर. आय. चे चित्र बव्हंशी पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणाऱ्या संकेतांवरून तयार होते. अन्य रेणूंतील हायड्रोजनही संकेत देतो. मात्र रेणूपरत्वे त्याची कंप्रता किंचित बदलते. पाण्याचा प्रबळ संकेत दाबून टाकला, की हे क्षीण संकेत आलेखावर निरनिराळ्या शिखरांच्या रूपाने उमटतात. ह्या पद्धतीस चुंबकीय अनुनाद वर्णपटमिती म्हणतात. तीत सुई टोचावी लागत नाही, की किरणोत्सर्गी द्रव्य द्यावे लागत नाही.

ह्या आलेखातील दोन शिखरे विशेष महत्त्वाची होत. एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट हे द्रव्य प्रामुख्याने चेतापेशींत असते; त्या दुबळ्या झाल्या की त्याचे शिखर खाली येते. मायो-इनॉसिटॉल हे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींशी निगडित आहे. अल्झायमरच्या विकारात त्याचे प्रमाण वाढते, आणि ही वाढ सौम्य स्मृतिदोषाच्या अवस्थेतही आढळून आली आहे.

भारतात ह्या विषयाचे लक्षणीय संशोधन हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात झाले. तेथील प्रवत मंडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुटाथायोन ह्या द्रव्याकडे लक्ष वळविले. प्राणवायूच्या वापरातून उत्पन्न होणाऱ्या घातक घटकांपासून हे द्रव्य पेशींचे रक्षण करते. सौम्य स्मृतिदोष व अल्झायमर असलेल्या व्यक्तींच्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्याचे प्रमाण निरोगी वृद्धांपेक्षा कमी असल्याचे त्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले.

तथापि, समूहाच्या सरासरीत दिसणारा फरक म्हणजे एखाद्या व्यक्तीचे निदान नव्हे. निरोगी व रुग्ण यांची मापे काही अंशी एकमेकांत मिसळतात. यंत्र बदलले किंवा तपासणी चालू असताना डोके हलले तरी आकडे बदलतात. शिवाय सौम्य स्मृतिदोष असलेल्या प्रत्येकास पुढे स्मृतिभ्रंश होतोच असे नाही.

म्हणून पापनाशमसारख्या गावी एखादी वृद्धा चुलीवर ठेवलेले दूध वारंवार विसरू लागली, तर पहिला उपाय दूरच्या शहरातील यंत्र हा नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, अवटू ग्रंथीची मंदता आणि खिन्नता ह्यांमुळेही विसराळूपणा येतो. ही कारणे साध्या रक्ततपासणीने व शांतपणे केलेल्या विचारपूशीने उमगतात आणि त्यांवर उपचारही होतात. "वयच झाले" म्हणून त्या विसराळूपणाकडे दुर्लक्ष करणे, हीच खरी हानी होय.