पेट्रोलचें माप

एक लिटर पेट्रोल पूर्णपणें जळावयास किती हवा लागते, असें वर्गांत विचारलें तर उत्तर दहा लिटरांपासून शंभर लिटरांपर्यंत येतें. वास्तविक ती सुमारें नऊ हजार लिटर लागते. वजनानें पाहिल्यास एक ग्रॅम पेट्रोलास १४.७ ग्रॅम हवा, हें रसायनशास्त्रानें घालून दिलेलें प्रमाण होय. हवा याहून अधिक झाली म्हणजे मिश्रण पातळ झालें व पेट्रोल अधिक झालें म्हणजे तें दाट झालें, असें आपण म्हणूं. गॅरेजांत यांस 'लीन' व 'रिच' म्हणतात. इंजिनापासून पूर्ण जोर हवा असतो तेव्हां कारखानदार मिश्रण मुद्दाम थोडें दाट, म्हणजे तेरास एकच्या जवळपास ठेवितात. हल्लींच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्यानें मूळ प्रमाण साडेतेराच्या आसपास उतरतें. परंतु मोजण्याचीं यंत्रें बहुधा जुन्याच मापावर आंकडा दाखवितात, म्हणून येथेंही तेंच माप घेतलें आहे.

हें माप पूर्वीं कार्ब्युरेटर राखीत असे. त्याचें जेट बदलावें, सुई एक खांच वर घ्यावी, स्क्रू पाव फेरा फिरवावा, कीं काम झालें. कावासाकी कंपनीनें १९८० सालीं विद्युन्नियंत्रित इंजेक्शनची मोटारसायकल बाजारांत आणिली. आपल्या देशांत हिरो होंडाची तशी गाडी २००६ सालीं आली. आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसा झाला. आतां पेट्रोल मापण्याचें काम एका लहानशा गणकाकडे असतें. थ्रॉटल किती उघडें आहे, इंजिन किती फेरे करीत आहे, आंत येणारी हवा किती उष्ण आहे, हें सर्व तो तारांवाटे जाणून घेतो व आपल्याजवळच्या कोष्टकांत पाहून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवावयाचा तें ठरवितो. मिनिटास सहा हजार फेरे करणाऱ्या इंजिनाचें एक आवर्तन दोन फेऱ्यांचें, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचें असतें. हा सारा हिशेब तेवढ्यांत आटोपावा लागतो.

कारखान्याचें कोष्टक कारखान्याच्या सायलेन्सरसाठीं व एअर फिल्टरसाठीं केलेलें असतें. ते बदलले कीं हवेचा ओघ बदलतो, आणि मिश्रण बहुधा पातळ होतें. तें सुधारण्याकरितां जी वेगळी पेटी विकत मिळते तिला फ्युएल कंट्रोलर म्हणतात. ती मूळ गणकास हात लावीत नाहीं. गणक व इंजेक्टर यांच्या मध्यें ती बसते, गणकाचा संकेत घेते आणि आपल्या कोष्टकाप्रमाणें तो किंचित् लांबवून किंवा आंखडून पुढें धाडते.

आमचा एक माजी विद्यार्थी गेल्या वर्षीं आपली एका सिलिंडरची मोटारसायकल व अशी एक पेटी घेऊन माझ्याकडे आला. नवा सायलेन्सर त्यानें आधींच बसविला होता. पेटी बसविण्याचें काम आम्हीं दोघांनीं मिळून एका दुपारीं केलें, व तें वाटतें त्याहून सोपें आहे. प्रथम सीट काढून बॅटरीची ऋण तार सोडवावी. मग टाकी उचलावी. इंधनाच्या नळींत दाब असतो, म्हणून ती सोडवावी लागल्यास इंजिन थंड असावें, खालीं फडकें धरावें व जवळ ज्योत किंवा ठिणगी नसावी. इंजेक्टरचें कप्लर सोडवून त्याच्या दोन्हीं टोकांमध्यें पेटीचीं कप्लरें जोडावीं. पेटीची ऋण तार थेट बॅटरीच्या ऋण अग्रास द्यावी. रंग दिलेल्या लोखंडाला ती बांधली तर पुढें भलतेच दोष दिसूं लागतात. तारा सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर ठेवाव्या आणि हँडल दोन्हीं बाजूंस पूर्ण वळवून त्या ताणल्या जात नाहींत ना, तें पाहावें. शेवटीं थ्रॉटल पूर्ण मिटून व पूर्ण उघडून त्याच्या दोन्हीं मर्यादा पेटीस शिकवाव्या.

खरें काम यापुढें आहे. पेटीबरोबर तयार कोष्टक येतें, पण तें दुसऱ्या कोणाच्या गाडीवर, दुसऱ्या सायलेन्सरवर केलेलें असतें. आपल्या गाडीचें माप आपणच घ्यावें लागतें. त्यासाठीं एक्झॉस्टच्या नळींत विस्तृत मर्यादेचा प्राणवायु-मापक बसवितात व तो मिश्रणाचा आंकडा दाखवितो. इंजिन पुरतें तापल्यावर एकेका गतीस व एकेका थ्रॉटलला गाडी स्थिर ठेवून आंकडा पाहावा आणि कोष्टकाचा तेवढाच चौकोन दोनतीन टक्क्यांनीं बदलावा. हें काम डायनोवर, म्हणजे रुळांवर चाक फिरवून जोर मोजणाऱ्या यंत्रावर करावें. रहदारीच्या रस्त्यावर आंकड्याकडे डोळे लावून गाडी चालविणें हा शुद्ध अविचार आहे.

येथें गणिताचा एक गमतीचा मुद्दा येतो. मंद गतीस इंजेक्टरला तीन मिलिसेकंदांचा संकेत मिळतो असें धरा. त्यांतील सुमारें एक मिलिसेकंद त्याची झडप उघडण्यांतच जातो, म्हणून पेट्रोल वाहतें दोनच मिलिसेकंद. संकेत दहा टक्के लांबविला तर तो ३.३ होईल व पेट्रोल २.३ मिलिसेकंद वाहील. वाढ दहा टक्के न होतां पंधरा टक्के झाली! लहान थ्रॉटलला लहानसा बदलही मोठा कां ठरतो, हें यावरून ध्यानांत येईल.

दुसरी अडचण अशी कीं, गाडीला स्वतःचा प्राणवायु-संवेदक असतो. संथ चालींत मूळ गणक त्याच्या सांगण्याप्रमाणें मिश्रण पुन्हां १४.७ कडे ओढतो. आपण पेट्रोल वाढवावें व त्यानें तें कमी करावें, असा हा झगडा चालतो. म्हणून कित्येक पेट्यांबरोबर संवेदकाच्या जागीं लावावयाची एक खुंटी येते. ती गणकास ठराविक संकेत देऊन त्याचें तोंड बंद करिते. आम्हीं ती लावली. आमच्यावर लक्ष ठेवणारा एकमेव साक्षीदार आम्हीं अशा रीतीनें गप्प केला, हें तेव्हां मनांत आलें नाहीं.

मापक पहिल्याच दिवशीं सोळा दाखवूं लागला. मिश्रण पातळ आहे असें मीं निःशंकपणें सांगितलें, आणि त्यानें चौकोनामागून चौकोन भरीत पेट्रोल वाढविलें. आंकडा फारसा हलेना, म्हणून आणखी वाढविलें. गाडी जोरानें ओढते असें तो म्हणे. परंतु लिटरला तेहतीस किलोमीटर जाणारी गाडी चोविसावर आली होती. दोन महिन्यांनीं तेल बदलतांना त्या तेलास पेट्रोलचा वास आला. प्लग काजळीनें काळा झाला होता. न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचें तेल धुऊन खालीं उतरत होतें. रिंगा झिजल्या होत्या व सिलिंडरवर उभे ओरखडे उठले होते.

मिश्रण पातळ नव्हतेंच. नवा सायलेन्सर बसवितांना सांध्यांतली जुनी गॅस्केट तशीच ठेविली होती व ती फुटली होती. एक्झॉस्टचा झोत सरल्यावर नळींत क्षणभर दाब उतरतो, व त्या फटींतून बाहेरची हवा आंत ओढली जाते. मापकानें त्या हवेंतला प्राणवायु मोजला आणि आम्हीं तो इंजिनाचा समजलों. सांध्याजवळ साबणाचें पाणी लावून आधींच पाहिलें असतें, तर गार इंजिन सुरू करतांच बुडबुडे दिसले असते. प्लग काढून पाहण्यास तर दहा मिनिटेंही लागत नाहींत. ही चूक त्याची जितकी, तितकीच माझी. दुरुस्तीचा खर्च मात्र त्याच्या पहिल्या नोकरीच्या पगारांतून गेला.

पालकांसाठीं एक गोष्ट सांगणें जरूर आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं, आणि आवाज व धूर यांच्या मर्यादा मोडणारास १९० व्या कलमान्वयें दंड आहे. सायलेन्सरसाठीं हट्ट करणाऱ्या मुलास हें दुकानदार सांगेलच असें नाहीं.

नव्या गॅस्केटवर तोच मापक पुन्हां लाविला तेव्हां आंकडा अकराच्याही खालीं होता. पेटीचें कोष्टक आम्हीं पुसून शून्यावर आणिलें व एकेक चौकोन नव्यानें मोजूं लागलों; पुष्कळ ठिकाणीं तीनचार टक्क्यांहून अधिक भर लागलीच नाहीं. पुढें त्यानें मूळ सायलेन्सर पुन्हां चढविला, संवेदक जागेवर लाविला, आणि पेटी शाळेस देऊन टाकिली. ती प्रयोगशाळेच्या खिडकीजवळच्या कपाटांत आहे. फुटकी गॅस्केटही तिच्याच शेजारीं ठेविली आहे.