मुलगा सेवेला निघाला, तर?

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा आहे. गाडगेबाबांचं चरित्र वाचल्यापासून सेवाच करायची म्हणतो, नोकरीचे फॉर्म भरत नाही. काय करू? – एक आई, परतवाडा

उत्तर : ताई, घाबरू नका. आपल्या वऱ्हाडाला हे नवं नाही. गाडगेबाबांनी १९०५ साली घर सोडलं तेव्हा त्यांच्याही आईच्या जिवाला घोर लागलाच असेल. पण बाबांचं एक पाहा : गावात शिरले की आधी खराटा, कीर्तन रात्री. त्यांनाच आदर्श मानणारे शंकरबाबा पापळकर तुमच्या परतवाड्याजवळच, वझ्झरला आहेत. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांच्या कागदपत्रांवर वडील म्हणून त्यांचं नाव लागतं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ते सोडा. त्यांच्याकडे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी एमपीएससी पास झाली, ते मुलाला आवर्जून सांगा. सेवा आणि फॉर्म यांचं काही वैर नाही.

पुस्तक वाचून येतो तो उमाळा. खरा कस मुलांना भरवताना, त्यांचे कपडे धुताना लागतो. वझ्झरला विचारून त्याला महिनाभर राहू द्या. टिकला तर अडवू नका. फॉर्मची शेवटची तारीख तेवढी तुम्ही लक्षात ठेवा.