पॉइंट बोर्डवर नव्हे, भिंतीत बघा

इंडक्शन शेगडी घेतली तेव्हा दुकानदाराने सोबत एक कन्व्हर्टर दिला. शेगडीची पिन जाड आणि ओट्यावरचा पॉइंट मिक्सरचा, ६ अँपिअरचा. काही दिवस स्वयंपाक सुरळीत झाला. मग एका संध्याकाळी डाळ शिजत असताना प्लास्टिक जळाल्याचा वास सुटला. आधी मेन स्विच पाडला. गार झाल्यावर कन्व्हर्टर ओढला, तर त्याची एक बाजू तपकिरी पडून वितळली होती आणि सॉकेटचं एक भोक काळं झालं होतं.

वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा खरं दुखणं कळलं. आत १ चौरस मिलिमीटरची वायर होती, म्हणजे दिव्या-पंख्यांपुरती. तिचा स्क्रू ढिला होता. आणि अर्थिंगच्या टर्मिनलला वायरच नव्हती! बाहेरून तीन भोकं, आत दोनच वायरी.

हिशेब साधा आहे. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर ओढते. ६ अँपिअरच्या सॉकेटला तो भार झेपत नाही, त्यात ढिल्या सांध्यावर उष्णता साचत जाते. एमसीबी मात्र १६ अँपिअरचा, त्यामुळे तो पडलाच नाही. म्हणून एमसीबी वायरीला साजेसाच हवा.

इंडक्शन, ओव्हन, गीझर, इलेक्ट्रिक किटली यांच्यामागची पट्टी वाचा. वॉट हजाराच्या वर असतील तर १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच वापरा. त्याला डीबीपासून (घराच्या मुख्य वितरण बोर्डापासून) किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी घ्या. कन्व्हर्टर आणि एक्स्टेन्शन बोर्ड या उपकरणांसाठी नकोतच. पॉइंट सिंक आणि गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा.

तिसरी पिन लांब असते, कारण प्लग लावताना अर्थिंग आधी जुळावं आणि काढताना शेवटी सुटावं. ती कापू नका. उपकरणाच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक करंट जाणवला तर चप्पल घालून वेळ मारून नेऊ नका. मेन पाडून उपकरण बंद करा आणि अर्थिंग तपासून घ्या.

एमसीबी वायर वाचवतो, माणसाला वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. बरेच जण त्याला ईएलसीबीच म्हणतात. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबा. तो लगेच पडला पाहिजे. न पडल्यास बदलून घ्या.

भाड्याच्या घरात असाल तर घरमालकांना हे स्पष्ट सांगा, संकोच करू नका. परवानाधारक वायरमन बोलवा आणि मेन बंद करून तुमच्यादेखत बोर्ड उघडायला लावा. वायर किती जाडीची, अर्थिंग कुठवर गेलंय, हे विचारा. एवढं पाहिल्याशिवाय नवं उपकरण लावू नका.