विद्यापीठातून औषधशाळेकडे

प्रस्तावना

विद्यापीठातील संशोधन ज्ञानासाठी आणि औषधकंपनीतील संशोधन व्यवसायासाठी, अशी विभागणी सर्रास केली जाते. त्यामुळे विद्यापीठ सोडून औषधउद्योगात गेलेल्या संशोधकाने ज्ञानसाधनेचा त्याग केला, असाही समज आढळतो. हा समज कितपत खरा आहे, हे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या कार्यावरून तपासून पाहता येते.

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर विद्यार्थ्यांना
• विद्यापीठीय आणि औद्योगिक संशोधनातील साम्य व भेद सांगता येतील;
• औषधाच्या शोधात अनेकांच्या सहकार्याचे महत्त्व स्पष्ट करता येईल.

पाठ

सुब्बाराव यांचा जन्म १८९५ मध्ये आंध्रातील भीमावरम येथे झाला. त्यांचे थोरले बंधू स्प्रू या संग्रहणीच्या विकाराने दगावले. मद्रासमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन सुब्बाराव अमेरिकेत बोस्टनला गेले. आरंभी रुग्णालयात हलकीसलकी कामे करून त्यांनी शिक्षण चालू ठेवले. पुढे हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्के यांच्यासमवेत ते जीवरसायनशास्त्रात संशोधन करू लागले. रक्त व मूत्र यांतील फॉस्फरसचे प्रमाण मोजण्याची त्या दोघांची पद्धत १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली. याच पद्धतीच्या आधारे त्यांना स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी ही द्रव्ये सापडली. स्नायूंना शक्ती कोठून मिळते, या प्रश्नाच्या उत्तरातील हे महत्त्वाचे दुवे होत.

एवढे कार्य करूनही सुब्बाराव यांना हार्वर्डमध्ये कायमचे पद मिळाले नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि लवकरच तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

येथे कामाचे स्वरूप पालटले. विद्यापीठात एखादा संशोधक दोन-चार सहकाऱ्यांसह वर्षानुवर्षे एका प्रश्नाचा पाठपुरावा करतो. निष्कर्ष हाती येताच ते प्रसिद्ध करावेत, त्यावर आपले नाव असावे, अशी तेथील रीत. औषधशाळेत रसायनशास्त्रज्ञ, जंतुशास्त्रज्ञ, वैद्य आणि अभियंते एकत्र काम करतात. पदार्थ सापडला एवढ्याने भागत नाही. तो शुद्ध स्वरूपात, मोठ्या प्रमाणावर, प्रत्येक वेळी सारख्याच गुणांचा तयार व्हावा लागतो. प्राण्यांवर व नंतर माणसांवर त्याची परीक्षा व्हावी लागते. पेटंटचा विचार असल्यामुळे निष्कर्ष काही काळ गुप्त ठेवावे लागतात. कोणता प्रश्न हाती घ्यावा, हेही संशोधकाला एकट्याने ठरवता येत नाही.

फॉलिक आम्लाच्या इतिहासात या दोन्ही मार्गांचा संगम दिसतो. १९२८ नंतरच्या काळात डॉ. लूसी विल्स मुंबईतील गरीब गर्भवती स्त्रियांच्या पांडुरोगाचा, म्हणजे रक्तक्षयाचा, अभ्यास करत होत्या. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. मात्र अर्कातील नेमके कोणते द्रव्य गुणकारी आहे, हे तेव्हा कळले नव्हते. यीस्ट, यकृत व पालेभाज्या यांत ते अत्यल्प प्रमाणात असते. ते वेगळे काढून त्याची घडण ओळखण्यासाठी मोठी सामग्री आणि पुष्कळ कुशल हात हवे होते. लेडर्लीतील संशोधकांनी १९४५ मध्ये फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. ज्या स्प्रूने सुब्बाराव यांच्या बंधूंचा बळी घेतला, त्यावरही ते उपयोगी ठरले.

शोधाची वाट मात्र येथेच संपली नाही. बोस्टनमधील डॉ. सिडने फार्बर यांना ल्युकेमिया झालेल्या मुलांमध्ये फॉलिक आम्लवर्गीय द्रव्यांनी रोग बळावत असल्याचे आढळले. तेव्हा या आम्लाच्या कार्याला अटकाव करणारे द्रव्य रोगाला रोखू शकेल, असा तर्क त्यांनी केला. लेडर्लीत तयार झालेले अमिनोप्टेरिन त्यांनी १९४७ च्या अखेरीपासून मुलांना दिले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात १६ पैकी १० मुलांमध्ये सुधारणा नोंदवलेली आहे. ती सुधारणा तात्पुरती होती. तथापि औषधाने हा रोग मागे हटवता येतो, अशी आशा तिने निर्माण केली. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे.

याच प्रयोगशाळेत बेंजामिन डग्गर हे वनस्पतिशास्त्रज्ञ विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर आले होते. सत्तरी ओलांडल्यानंतर त्यांनी मिसुरीतील मातीच्या नमुन्यातून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक शोधले. हत्तीरोगाच्या जंतांवरील डायइथिलकार्बामाझिन हे औषधही लेडर्लीचेच. त्यासाठी अनेक रसायने एकामागून एक उंदरांवर तपासण्यात आली. भारतात १९५५ मध्ये हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यानंतर याच औषधाचा आधार घेण्यात आला. विदर्भातील गावोगावी आरोग्यसेवकांनी याच्या गोळ्या घरोघर पोहोचवल्या आहेत.

सुब्बाराव १९४८ च्या ऑगस्टमध्ये निवर्तले. औषधशाळेतील त्यांचे यश अनेकांच्या नावांत वाटले गेले आणि सामान्य लोकांना त्यांची ओळख फारशी झाली नाही. विद्यापीठाने त्यांना बारकाईने मोजण्याची आणि धीराने शोधण्याची शिस्त दिली होती. उद्योगाने त्या शिस्तीला साधने व सहकारी दिले. एकट्याने निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य आणि नावाचा मान यांवर मात्र त्यांना काही प्रमाणात पाणी सोडावे लागले. असे स्थित्यंतर करू इच्छिणाऱ्याने हा लाभ आणि ही किंमत दोन्ही जाणून घेतली पाहिजेत.

स्वाध्याय

१. विद्यापीठ आणि औषधशाळा येथील कामाच्या रीतींत कोणते भेद आहेत?
२. मुंबईतील अभ्यास आणि लेडर्लीतील संशोधन यांचा संबंध तुमच्या शब्दांत लिहा.
३. 'उद्योगात जाणे म्हणजे ज्ञानसाधना सोडणे होय.' या विधानाविषयी तुमचे मत सकारण मांडा.