नाण्याआधी पुस्तक

पुतण्या: काका, मला प्राचीन नाणी जमवायची आहेत. सुरुवात सातवाहनांपासून करावी म्हणतो. पहिलं नाणं कुठून घेऊ?

काका: पहिलं नाणं नंतर घे, आधी पुस्तक घे. सातवाहनांच्या नाण्यावर बहुतेक वेळा राजाचं नाव अर्धंच उमटलेलं असतं. ते कोणाचं, खरं की ओतीव नक्कल, हे ठरवायला हाताशी काही नसेल, तर विकणारा सांगेल ते मानावं लागतं.

पुतण्या: पण कोणतं पुस्तक? सगळंच पाहिलं तर नाण्यांपेक्षा पुस्तकंच महाग पडतील.

काका: म्हणून क्रम ठरवायचा. पहिलं पुस्तक ओळख करून देणारं. परमेश्वरीलाल गुप्तांचं ‘कॉइन्स’ घे. नॅशनल बुक ट्रस्टनं ते 1969 मध्ये काढलं. लहान आहे आणि भारतीय नाण्यांचा सगळा प्रवास त्यात आहे. ते वाचून झालं की तुझा विषय पक्का कर. सातवाहन घेतोस तर सातवाहनच. मग त्या विषयाची सूची, म्हणजे कॅटलॉग.

पुतण्या: सूचीत नेमकं काय बघायचं?

काका: नाण्याचा धातू, वजन, आकार, दोन्ही बाजूंची चिन्हं, ब्राह्मी अक्षरं आणि शेवटी छायाचित्रांची पानं. सातवाहनांसाठी रॅप्सन यांची ब्रिटिश म्युझियमची सूची पायाभूत आहे, 1908 ची. ती मात्र विकत घेऊ नकोस. इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळते. अशा जुन्या ग्रंथांच्या स्वस्त पुनर्मुद्रणांत छायाचित्रं पुष्कळदा काळपट येतात आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं.

पुतण्या: म्हणजे रॅप्सन उतरवून घेतला की काम झालं!

काका: नाही. इथंच नवशिके अडखळतात. वाशिम जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचं गाव आहे. तिथं 1939 मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, सुमारे दीड हजार नाणी. सगळी पोटीनची, म्हणजे तांबं आणि कथील-शिशासारख्या धातूंच्या मिश्रणाची. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे टोकांना वर्तुळं असलेली फुली. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि 1940 मध्ये न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली. त्यांत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावं निघाली.

पुतण्या: ही नावं रॅप्सनकडे नाहीत?

काका: कशी असतील? साठा त्यांच्या ग्रंथानंतर एकतीस वर्षांनी निघाला. आता समज, तुझ्याकडे फक्त रॅप्सन आहे आणि समोर कुंभ सातकर्णीचं नाणं आलं. सूचीत नाही म्हणून तू ते खोटं ठरवशील आणि अस्सल नाणं हातचं घालवशील.

पुतण्या: मग विदर्भाच्या नाण्यांसाठी पैसे कशावर घालू?

काका: पैसे घालायचे ते सापडलेल्या नाण्यांच्या अभ्यासावर. अजयमित्र शास्त्रींनी संपादित केलेला सातवाहनांची नाणी आणि उत्खननातली नाणी यांवरचा ग्रंथ नागपूर विद्यापीठानं 1972 मध्ये काढला, तो शोध. मराठीत हवं तर मिराशींचं ‘सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख’ आहे, 1979 चं. शिवाय पवनीच्या उत्खननाचा अहवाल. शां. भा. देव आणि ज. प. जोशींनी 1969-70 मध्ये तिथं खोदकाम केलं. पवनी भंडारा जिल्ह्यातली, वैनगंगेकाठची, आणि 1999 पर्यंत आपलं गोंदियाही त्याच जिल्ह्यात होतं. म्हणजे हा आपल्याच मुलखाचा अहवाल झाला.

पुतण्या: उत्खननाच्या अहवालाचा नाणी जमवणाऱ्याला काय उपयोग?

काका: बाजारातल्या नाण्याला गाव नसतं, थर नसतो. उत्खननातलं नाणं कोणत्या थरात, कोणत्या खापरांसोबत मिळालं ते नोंदलेलं असतं. त्यामुळे काळाचा अंदाज बांधता येतो.

पुतण्या: आणि उद्या आहत, म्हणजे ठसे मारलेल्या नाण्यांकडे वळलो तर?

काका: तर गुप्ता आणि हार्डेकर यांची सूची. चांदीच्या आहत नाण्यावर, म्हणजे कार्षापणावर, दर्शनी बाजूला पाच ठसे असतात, वजन साधारण साडेतीन ग्रॅमच्या आत. कोणते पाच ठसे एकत्र आले यावरून प्रकार ठरतो. विक्रेत्यांच्या याद्यांत ‘जीएच’ आणि पुढे आकडा दिसतो, तो याच सूचीतला क्रमांक. पुस्तक 1985 मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेनं काढलं. 2014 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, घ्यायची तर तीच घे.

पुतण्या: महाग पुस्तक घेण्याआधी बघायला कुठं मिळेल?

काका: नागपूरला जाऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी कर. तिथंच अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, खरी नाणी बघ. पुस्तकातलं चित्र आणि खरं नाणं दोन्ही पाहिल्याशिवाय नजर तयार होत नाही. आणि एक वजनकाटा घे, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. सूचीतलं वजन आणि हातातलं वजन यांत मोठी तफावत असली की थांबायचं.

पुतण्या: आणि शेतात नांगरताना कुणाला नाणी सापडली तर?

काका: जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 1878 चा कायदाच तसा आहे. तऱ्हाळ्याची नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती, तर कुंभ सातकर्णी कुणाला कळलाच नसता. तू घेणार आहेस ती पुस्तकं अशाच कळवलेल्या साठ्यांवर उभी आहेत. म्हणून आपल्या जिल्ह्यात आमगाव असो की तिरोडा, कुणाच्या शेतात नाणी निघाली, तर ती घासू नका, वाटून घेऊ नका, वितळवू नका. तहसील कचेरीत कळवा. विदर्भाच्या नाण्यांवरचं पुढचं पुस्तक त्यातूनच लिहिलं जाईल.