दुभंगणाऱ्या चौकटी

पुस्तकात पान उलटले की मागचे दृष्टीआड होते. रशियन कलावती ओलिया लियालिना यांनी १९९६ साली संकेतस्थळासाठी रचलेल्या ‘माझा प्रियकर युद्धावरून परतला’ या इंग्रजी कथेत तसे होत नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे व कृष्णधवल चित्रे दिसतात. त्यांवर टिचकी मारताच चौकट कधी दुभंगते, तर कधी तिच्यातील वाक्य तेवढे बदलते. शेजारचे मात्र तसेच खोळंबून राहते. कोणते बोलणे आधी वाचावे, हे वाचकानेच ठरवावयाचे. त्याला वाट दाखविणारी अनुक्रमणिका येथे नाही, आणि तिची उणीवही भासत नाही. प्रेमिकांमधील दुरावा लेखिका वर्णन करून सांगत नाही. चौकटींमधील रेषाच तो दाखवितात. संवाद हळूहळू आटत जातो. शेवटी उरतात त्या रिकाम्या, काळ्या चौकटी.